सिग्रिडवरचा शनवार तेली

आमच्या एलियाहू हन्नबी या प्रेषिताची शपथ, अलिबागेजवळ खंडाळ्याला ज्या खडकावर त्याच्या रथाची खूण उमटलीय त्या खडकाची शपथ, आणि माझ्या दोन्ही नव्या गुडघ्यांची शपथ: पुढे जे सांगतेय त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्याला पटत नसेल त्याने आत्ताच उठून चहा टाकावा. माझ्यासाठीही अर्धा कप टाकावा, साखर दोन चमचे.

मी रेचल, माहेरची सोगावकर. वय एकोणऐंशी, मुक्काम रीडिंग, इंग्लंड. माझ्या वरच्या फ्लॅटमध्ये वैजयंती राहते. मूळची पुण्याची, इथल्या सेकंडरी स्कूलमध्ये तीस वर्षं मॅथ्स शिकवून रिटायर झाली. कोणी काही सांगितलं की तिचं पहिलं वाक्य, शो युअर वर्किंग. तिचं माझ्याबद्दल असं मत आहे की रेचलच्या गोष्टीतलं निम्मं वजा केलं की खरं उरतं. मी म्हणते, अगं पण निम्म्यात मजा काय उरली?

तर भानगड अशी होती. साउथहॅम्प्टनला गोदीजवळच्या एका जुन्या शेडमध्ये छोटंसं म्युझियम आहे. सगळे रिटायर लोक हौसेने चालवतात. गेल्या वर्षी त्यांनी ठरवलं की दुसऱ्या महायुद्धात गस्त घालणाऱ्या ‘सिग्रिड’ नावाच्या बोटीवरच्या माणसांची नावं पितळी पाटीवर कोरायची. एकतीस नावं तयार होती. त्यात माझ्या बाबांचं नाव नव्हतं. मला ते हवं होतं. बाकी मला या वयात काही नको, दात धरून सगळं आहे.

आता ही सिग्रिड कोण ते सांगते.

सिग्रिड जन्माने खाटीक. नॉर्वेवाल्यांची देवमासे मारायची बोट. चार डबलडेकर एकामागे एक उभ्या केल्या की झाली तिची लांबी. नाक उंच, माहेरच्या श्रीमंतीची घमेंड असलेल्या सुनेसारखं, आणि नाकावर भाला उडवायची तोफ. डोलकाठीवर एक पिंप बांधलेलं. त्या पिंपात माणूस उभा राहून देवमाशाचा फवारा कुठे उडतो ते बघायचा. इंजिन अगदी हळू आवाजाचं, कारण देवमाशाचे कान तिखट. आणि वळायची कशी, तर जागच्या जागी, फुगडी घातल्यासारखी. ज्याने बांधली त्याला वाटलं असेल आपण हे सगळं देवमाशासाठी करतोय. पण पाण्याखाली दम धरून लपणारं आणि मधूनच वर येणारं आणखी एक जनावर आहे. पाणबुडी. हे ज्या कोणाच्या डोक्यात आलं त्याने एकोणीसशे चाळीस साली सिग्रिडला नेव्हीत भरती केलं. भाल्याची तोफ काढली, तिथे खरी तोफ बसवली. शेपटाकडे पिंपाएवढे बॉम्ब रचले, पाण्यात सोडले की खाली जाऊन फुटणारे. अंगाला करडा रंग दिला, तीन हात. पण वास काही गेला नाही. वर्षानुवर्षं मेलेले देवमासे कडेला बांधून ओढत आणलेले, ते तेल तिच्या लाकडात मुरलं होतं. बाबा म्हणायचे, बंदरात शिरलो की शेजारच्या बोटीवरचे लोक खिडक्या लावून घ्यायचे आणि सीगल्स मात्र वरातीसारखे मागे यायचे.

तेलाच्या वासाची बाबांना भीती नव्हती. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मुळातले तेली. कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी आमचा घाणा बंद, आणि आमचा शनिवार सुरू होतो शुक्रवारच्या सूर्यास्ताला. माझ्या पणजोबांचा बैल तर असा तयार झाला होता की शुक्रवारी सूर्य टेकला की आपणहून थांबायचा, मग पणजोबांनी कितीही हाकलू दे. वैजयंती म्हणते ही थाप. बैल तिने पाहिलाय का? मग?

बाबांच्या वेळेपर्यंत घाणे गेले. बाबा, आयझॅक सोगावकर, मुंबईहून मालाच्या बोटीवर लागले, इंजिनरूममध्ये ऑइलमन. दर अर्ध्या तासाने इंजिनच्या प्रत्येक सांध्यात तेल घालायचं आणि बेअरिंगला हात लावून ताप बघायचा, आजारी पोराच्या कपाळाला लावतो तसा. एक्केचाळीस साली त्यांची बोट साउथहॅम्प्टनला आली आणि बॉम्ब पडून तिथेच निकामी झाली. बाबा खलाशांच्या हॉस्टेलमध्ये बसून राहिले. तिथे एक दिवस सिग्रिडचा कॅप्टन आला. जुना देवमासेवाला, थोड्या शब्दांचा माणूस. त्याच्या दोन ऑइलमनपैकी एकाचा पाय मोडला होता. त्याने बाबांना थेट इंजिनपाशी नेलं. बाबांनी हात लावून बघितला आणि सांगितलं, तिसरं बेअरिंग तापतंय. कॅप्टनने एका चिठोऱ्यावर त्यांचं नाव लिहून खिशात टाकलं. झाली नेमणूक. ते चिठोरं नेव्हीच्या ऑफिसात गेलं की धोब्याकडे, देवाला माहीत.

पहिल्याच शुक्रवारी संध्याकाळी बाबांनी तेलाची कुपी खाली ठेवली आणि सांगितलं, आता उद्या तारे दिसेपर्यंत मी नाही. कॅप्टन म्हणाला, लढाई चालू आहे. बाबा म्हणाले, दोन हजार वर्षं आमचा घाणा शनिवारी थांबलाय, त्या मिशीवाल्यासाठी चालू करू का? भांडण चांगलंच पेटलं असतं. पण दुसरा ऑइलमन होता मर्डो, स्कॉटलंडच्या लुईस बेटावरचा. त्या बेटावर रविवार इतका कडक की मुलांचे झोपाळेसुद्धा बांधून ठेवायचे. रविवारी काम करावं लागतं म्हणून तो बिचारा वर्षभर आतल्या आत जळत होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. शनिवार अख्खा मर्डोचा, रविवार अख्खा बाबांचा. कॅप्टन म्हणाला, इंजिनला तेल मिळालं पाहिजे, हात कोणाचा ते मला नको सांगू. मग बाबांकडे वळून म्हणाला, काम करायचं नाही ना, तर शनिवारी उजेड असेपर्यंत त्या पिंपात जाऊन नुसता बघत बस.

बाबांनी विचार केला. बघणं हे काम नव्हे. चढले वर.

आता मुख्य गोष्ट. बेचाळीसचा नोव्हेंबर, दुसरा शनिवार. इंग्लिश चॅनेलच्या तोंडाशी सात मालाच्या बोटी येत होत्या आणि सिग्रिड त्यांच्या पुढे गस्त घालत होती. बाबा पिंपात. त्यांना पाण्यावर तेलाचा तवंग दिसला. त्या दिवसांत समुद्रावर तेल रोजचंच, बुडालेल्या बोटींचं. पण ते जाड, काळं, जुनं. हे नवं होतं, पातळ, आणि एका रेषेत पुढे पुढे सरकत होतं. बाबांनी नाक वर केलं. डिझेल. आमच्यापैकी एकाही बोटीत डिझेल नाही, सगळ्या वाफेच्या. म्हणजे तेल खालून येतंय, आणि जिचं येतंय ती चालतेय. तेल्याच्या पोराला हे सांगायला यंत्र लागत नाही. त्यांनी वरून ओरडून सांगितलं, ते तेल आपलं नाही.

सिग्रिड तिच्या जुन्या चालीवर आली. दबकत, हळू. मग गर्रकन वळली आणि पहिला बॉम्ब सोडला. त्या धक्क्याने खाली इंजिनरूममध्ये मर्डोचं डोकं लोखंडावर आपटलं आणि तो आडवा झाला. इंजिनला तेल घालायला कोणी नाही. बेअरिंग जळलं की बोट थांबणार, आणि पाणबुडीसमोर थांबलेली बोट म्हणजे ताटात वाढलेली. आमच्या धर्मात जीव वाचवायचा असेल तर शनिवारचा शब्बाथ मोडायचा, मोडलाच पाहिजे. बाबा डोलकाठीवरून दोराने सरसर खाली आले, तळहाताची कातडी दोरालाच राहिली, आणि कुपी उचलली. आणखी तीन बॉम्ब पडले. मग पाणबुडी वर आली, सव्वीस जर्मन हात वर करून बाहेर आले, आणि त्या सातही बोटी सुखरूप बंदरात गेल्या. बाबा हेही सांगायचे की पाणबुडीच्या मागोमाग एक खरा देवमासा वर आला, एक फवारा उडवला आणि गेला. जणू म्हणाला, आज माझ्या मागे नाहीत ना? मग ठीक.

लढाई संपल्यावर बाबा एक लोकरी स्वेटर घेऊन मुंबईला परत आले. मेडल नाही, कागद नाही. मी भायखळ्याच्या शाळेत अकरा वर्षांची असताना आम्हाला निबंध दिला होता, घरातली एक सत्य घटना. मी ही लिहिली. बाईंनी लाल शाईने शेरा मारला, कल्पनाशक्ती चांगली, पण विषय सत्य घटना हा होता. सगळ्या वर्गाने मला महिनाभर ‘देवमासा’ म्हणून हाक मारली. मी रडत घरी आले, तर वही वाचून बाबा हसले. म्हणाले, जाऊ दे गं रेचू, तेल कोणाला दिसत नाही, चाक फिरतं ते दिसतं.

मी मात्र तेव्हाच ठरवलं. खरं सांगूनही खोटारडी ठरायचं असेल तर निदान मजा तरी घ्यावी. तेव्हापासून मी जे सांगते त्यात मीठमसाला घालते. इंग्लंडला आले, संसार केला, सत्तर वर्षं होत आली, हात चांगला बसलाय.

आणि नेमकं तेच अंगाशी आलं.

पाटीची बातमी माझ्या नातीने, अयेलेतने फोनवर वाचली. ती रीडिंगलाच सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी लगेच म्युझियमला पत्र लिहिलं. दोन आठवडे उत्तर नाही, म्हणून दुसरं लिहिलं. मग तिसरं. आता तुम्हाला माझा स्वभाव कळलाच आहे. पहिल्या पत्रात एक पाणबुडी होती. दुसऱ्यात दोन झाल्या. तिसऱ्यात तीन, आणि देवमाशाने सलाम ठोकला होता. उत्तर आलं ऍलन नावाच्या गृहस्थांचं, फार सभ्य. त्यांनी लिहिलं होतं की आपल्या पत्रांगणिक पाणबुड्यांची संख्या वाढते आहे, त्यामुळे आमची थोडी अडचण होते. क्रू लिस्टमध्ये कोणी भारतीय नाही. बोटीच्या कागदांत काही पुरावा निघाला तर आनंदच आहे, पण यादी येत्या शुक्रवारी कोरायला जाणार. पाटी एकदा कोरली की कोरली.

अयेलेतने ते वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

“आजी, तू पहिल्या पत्रात खरा लिहिला होता ना? मग पुढे कशाला?”

तिचं मराठी असंच आहे, पण मुद्दा बरोबर होता. जन्मात एकदाच एका माणसाने माझ्यावर विश्वास ठेवायची गरज होती, आणि तेवढ्यासाठी लागणारी पत मी आधीच उडवून बसले होते. बाबांचं नाव माझ्या जिभेने घालवलं, असं वाटलं. त्या दिवशी मी वैजयंतीशीही खोटं बोलले नाही, तर तिने माझा ताप बघितला.

गुरुवारी अयेलेतने सुट्टी काढली आणि आम्ही साउथहॅम्प्टनला निघालो. वैजयंती मागच्या सीटवर. कशाला येतेस म्हटलं, तर म्हणाली, तुझ्या शेजारी बसायला. तू एकाची दीड पाणबुडी केलीस की मी चिमटा काढणार. बासिंगस्टोकपासून पुढे एम थ्री हायवेवर ती मला सराव देत होती. किती पाणबुड्या? एक. किती जर्मन? सव्वीस. मला परीक्षेला चालल्यासारखं वाटायला लागलं.

ऍलन निघाले पंचाहत्तरीचे, उंच, कानामागे पेन्सिल. स्वतः जहाजांवर इंजिनिअर होते. त्यांनी आम्हाला सिग्रिडची जुनी घंटा दाखवली, भाल्याची तोफ दाखवली, चहा दिला. बोट स्वतः केव्हाच भंगारात गेली, पण तिच्या दोन नोंदवह्या तेवढ्या शिल्लक होत्या. मी बसले आणि गोष्ट सांगितली. आत्ता तुम्हाला सांगितली तशीच, पण बैल न घालता. फार जड गेलं हो. तोंडात शब्द यायचे, सजूनधजून, दाराशी उभे राहायचे, आणि मी त्यांना परत पाठवायची. वैजयंतीने एकदाच चिमटा काढला, देवमाशापाशी. मी मराठीत म्हटलं, चिमटा काय काढतेस, तो बाबांनीच सांगितलाय.

ऍलननी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, माझा तुमच्यावर विश्वास बसलाय, पण नुसत्या माझ्या विश्वासावर पितळ कोरता येत नाही. मग कान खाजवून म्हणाले की एक गोष्ट गेली दोन वर्षं त्यांना छळतेय, ती दाखवतो.

ते इंजिनरूमची वही घेऊन आले. दर अर्ध्या तासाची नोंद, तेल घातलं की एक खूण, आणि हात बदलला की त्याची वेळ. नावं नाहीत, नुसत्या खुणा. पण खुणा दोन हातांच्या होत्या. एक हात साधी टिक करायचा, दुसरा बारीक गोल काढायचा. त्या काळच्या क्रू लिस्टमध्ये ऑइलमन एकच, मर्डो. मग गोल काढणारा कोण? रविवारी मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत सगळे गोलच. ते कोडं ऍलननी सोडवलं होतं, मर्डो लुईसचा म्हणून. पण आठवड्यात आणखी एकदा उलटं व्हायचं. एक दिवस आणि वर थोडा वेळ, गोल बंद, सगळ्या टिक. आणि ते सुरू व्हायची वेळ दर आठवड्याला वेगळी. ना पाळी बदलायची वेळ, ना जेवणाची. जूनमध्ये रात्री सव्वादहाला, डिसेंबरमध्ये दुपारी पावणेपाचला. त्यांनी त्याची स्प्रेडशीट केली होती, आलेख काढला होता. एक मित्र म्हणाला भरती-ओहोटी, दुसरा म्हणाला त्या माणसाला पोटाचा त्रास असेल.

वैजयंतीने आलेख ओढून घेतला. चष्मा वर-खाली केला आणि म्हणाली, हा कर्व्ह वर्षाने परत तिथेच येतो, पोट असं वागत नाही.

माझी छाती इतकी धडधडत होती की मला वाटलं इंजिनच चालू झालं. मी विचारलं, हे सुरू होतं तो वार कुठला?

“शुक्रवार,” ऍलन म्हणाले. “नेहमी शुक्रवार.”

“आणि शुक्रवारी इथे सूर्य किती वाजता मावळतो?”

ते म्हणाले, जूनमध्ये साडेनऊच्या आत. म्हणजे एक तास चुकतोय. आणि मग त्यांचा हात हवेतच थांबला. लढाईत इथली घड्याळं उन्हाळ्यात दोन तास पुढे असायची आणि हिवाळ्यात एक तास. वैजयंतीने तोवर त्यांच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली होती, विचारलं वगैरे नाही. अयेलेत फोनवरून सूर्यास्त वाचत गेली, वैजयंती तास मिळवत गेली, ऍलन वहीतली वेळ बघत गेले. जानेवारी बसला. मार्च बसला. ऑगस्ट बसला. प्रत्येक शुक्रवारी सूर्य बुडायच्या थोडं आधी त्या माणसाने कुपी खाली ठेवली होती, आणि शनिवारी तारे उगवल्यावर परत उचलली होती. एक नाही, दोन नाही, साठाहून जास्त आठवडे. कॅप्टनच्या खिशातलं चिठोरं हरवलं, पण सूर्य कुठे हरवतो? माझ्या पणजोबांचा बैल साउथहॅम्प्टनच्या त्या टेबलावर दर शुक्रवारी थांबत होता.

ऍलन म्हणाले, पण एक शनिवार असा आहे जो यात बसत नाही. त्याच्यामुळेच या खुणांमागे काही नियम आहे याची मला खात्री वाटत नव्हती.

“उघडू नका पान,” मी म्हटलं. “बेचाळीसचा नोव्हेंबर. दुसरा शनिवार. दुपारी.”

त्यांनी पान उघडलं. साडेअकराला टिक. बाराला टिक. साडेबाराची जागा कोरी. मग एकला गोल. दीडला गोल. दोनला गोल. गोल वाकडेतिकडे होते, आणि कागदावर तपकिरी डाग. बाबांचे तळहात सोलले होते ना.

मग त्यांनी दुसरी वही काढली, डेकवरची. त्यात त्या दिवसाचं सगळं होतं. बारा वाजून पाच, पिंपातल्या माणसाला तेल दिसलं. सव्वाबारा, पहिला बॉम्ब. ऑइलमन मर्डो जखमी. पाणबुडी वर आली, कैदी सव्वीस. पिंपातल्या माणसाचं नाव मात्र लिहिलेलं नव्हतं. नाव असणार कसं? नेव्हीच्या हिशेबी तो माणूस बोटीवर नव्हताच.

ऍलननी चष्मा काढून पुसला, परत लावला. कोरायची यादी पुढे ओढली. मला म्हणाले, मॅडम, स्पेलिंग सांगा.

अयेलेतने एक एक अक्षर सांगितलं, सावकाश. वैजयंतीने मला जोरात चिमटा काढला. मी म्हटलं, आता कशाला, आता काय बोलले मी? तर डोळे पुसत म्हणाली, स्वतःला काढायचा होता, चुकून तुला लागला. निघताना ऍलन मला म्हणाले, तर नक्की एकच पाणबुडी ना? मी म्हटलं, सध्या तरी एकच.

मी मलिद्याचा नवस बोलले होते. आमच्यात काम फत्ते झालं की एलियाहू हन्नबीच्या नावाने मलिदा करतात, भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, सुकामेवा, वर फळं. पण पाटी उघडायची कधी? म्युझियमने शनिवार सुचवला. मी म्हटलं, बाबांना चालायचं नाही. मग रविवार ठरवला, तर मर्डोच्या घरच्यांचा लुईसहून फोन, आजोबांना चालायचं नाही. ऍलननी कपाळावर हात मारला. म्हणाले, ऐंशी वर्षं झाली तरी हे दोघं मला वीकएंड देत नाहीत. सोमवार ठरला.

काय तो सोमवार. ऊन असं पडलं होतं की लोक त्याबद्दल कुरकुरत होते. नेव्हीचा एक अधिकारी पांढऱ्या कपड्यांत आला. मर्डोची नात आली, माझ्याएवढी उंच म्हणजे बुटकीच, येताना बिस्किटांचा डबा घेऊन. आम्ही दोघी एकमेकींकडे नुसत्या बघत राहिलो आणि मग एकदम हसायला लागलो. बहुतेक आमचे म्हातारे इंजिनरूममध्ये असेच हसले असतील. मी सात किलो पोह्यांचा मलिदा नेला होता. अधिकाऱ्याने विचारलं हे काय आहे. मी म्हटलं, पाणबुडी पकडल्यावर खायचा पदार्थ आहे. त्याने दोनदा घेतला.

पाटीवरचा कपडा काढला. शेवटच्या ओळीत, बत्तिसावं नाव. आयझॅक सोगावकर, ऑइलमन. मग सिग्रिडच्या घंटेचा एकेका नावाला एकेक टोला. एकतीस टोले ऍलननी दिले. बत्तिसाव्याला त्यांनी दोरी माझ्या हातात दिली.

मी असा टोला दिला की शेडवरचे सगळे सीगल्स उडाले, कार पार्कमधल्या दोन गाड्यांचे अलार्म सुरू झाले, आणि बाहेर क्रूझचं एक मोठं जहाज चाललं होतं त्याने उलट भोंगा दिला. टाळ्या थांबेनात. अयेलेत सगळ्यांना सांगत सुटली, माझ्या आजीचे बाबा, माझ्या आजीचे बाबा. मी त्या नावावर बोट फिरवलं. पितळ उन्हाने तापलं होतं. बेअरिंगसारखा ताप बघितला. ठीक होता.

आता शपथ घेतलीय म्हणून सांगते. यातली एक गोष्ट मी बनवली.

देवमासा नव्हे. देवमासा बाबांनी सांगितला तसा सांगितला. क्रूझचा भोंगाही नव्हे, विचारा अयेलेतला. निबंध वाचून बाबा हसले असं मी म्हटलं ना, ते हसले नव्हते. लाल शेरा वाचला, वही मिटली, आणि त्या दिवसापासून ती गोष्ट त्यांनी पुन्हा कधी सांगितली नाही, मला नाही आणि कोणालाच नाही. म्हणून मीच सांगत राहिले.

आणि तेल दिसत नाही, चाक फिरतं ते दिसतं, हे वाक्यही त्यामुळे बाबांचं नाही. माझंच आहे. वैजयंतीला सांगू नका, तिने ते लिहून फ्रिजवर लावलंय.